चाळीस, आणि मी

‘लिफ्टचा वापर करू नका’ हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा उच्चारलंय, तितक्या वेळा बायकोला नावानं हाकही मारलेली नाही. हिंदीत उच्चारलंय, इंग्रजीत उच्चारलंय. एकदा तर लिफ्टच नसलेल्या एका कारखान्यातही उच्चारलंय, कारण कागदावर तसं लिहून दिलेलं होतं. तेव्हा या लेखात पुढं मी स्वतः लिफ्टमध्ये अडकणार आहे, हे आधीच सांगून टाकतो. तीच बायको, सुनंदा, म्हणाली, “ते लिहू नका, लोक हसतील.” आता दिवाळीच्या अंकात लोकांनी हसायचं नाही तर कधी हसायचं?

मी गजभिये, मूळचा भंडाऱ्याकडचा. एका सरकारी कारखान्याच्या अग्निशमन विभागात लागलो, बदली होऊन गाझियाबादला आलो आणि उभी हयात इथंच गेली. निवृत्त झाल्यावर घरी बसून पेपर वाचायचा बेत होता. पण तीन महिन्यांत मी सुनंदाच्या स्वयंपाकघरातल्या गॅसची नळी चार वेळा तपासली, तेव्हा तिनंच मला बाहेर काम शोधायला लावलं. तेव्हापासून मेट्रोनं गुरुग्रामला जातो आणि तिथल्या काचेच्या इमारतींमध्ये मॉक ड्रिल घेतो.

मॉक ड्रिल म्हणजे आग लागलेली नसताना आग लागल्यासारखं वागायची रंगीत तालीम. अलार्म वाजतो. लोकांनी हातातलं काम टाकून जिन्यानं खाली यायचं आणि आवारातल्या ठरलेल्या जागेवर उभं राहायचं. प्रत्येक मजल्याला एक वॉर्डन असतो. तो तिथलाच कुणीतरी कर्मचारी, फक्त अंगात केशरी जाकीट. तो यादी धरून माणसं मोजतो. मी हातात घड्याळ आणि भोंगा घेऊन उभा. सगळे आले की मी वेळ सांगतो, दोन शब्द बोलतो, लोक टाळ्या वाजवतात आणि लिफ्टनं वर जातात. यात शिकण्यासारखं एवढंच की आगीपेक्षा धूर जास्त वाईट, आणि लिफ्ट जिथून वरखाली होते तो बोगदा म्हणजे इमारतीचं धुराडं. बाकी सगळी सजावट.

आता गिऱ्हाइकं. एक बाई एकोणीस मजले मीटिंग चालू ठेवून उतरल्या. खाली आल्यावर त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं, कारण माझा भोंगा पलीकडच्या लोकांना ऐकू जात होता. एका डायरेक्टरसाहेबांनी निरोप धाडला की ते बिझी आहेत, त्यांच्या वतीनं त्यांचा असिस्टंट उतरेल. उतरला बिचारा, दोनदा. एकदा स्वतःसाठी आणि एकदा साहेबांसाठी. आणि एका पोरानं पिझ्झा मागवताना पत्ताच ‘असेंब्ली पॉइंट’, म्हणजे आवारातली ती ठरलेली जागा, असा दिला होता. पिझ्झावाला सगळ्यांच्या आधी हजर. अहवालात ‘प्रथम पोचलेली व्यक्ती’ असा रकाना असतो, त्यापुढं काय लिहावं याचा मी बराच वेळ विचार केला.

एवढी वर्षं माणसं पळताना पाहिली की माणसाचा एक सिद्धांत तयार होतो. माझाही झाला होता. तो असा, की ज्यानं लहानपणी हाल काढलेत तोच संकटात टिकतो. हा सिद्धांत मी कुठून काढला हे सांगायला नको. माझे वडील विडीच्या कारखान्यात. आम्ही पाच भावंडं, मी थोरला, पाणी मी भरायचो आणि विहीर गावाच्या त्या टोकाला. शाळेत दोन वर्षं एकाच चड्डीवर काढली. पुढं वसतिगृहात राहिलो, शिकलो, नोकरीला लागलो. तेव्हा स्वतःकडं बघून मी ठरवून टाकलं की बघा, हालातून असा कणखर माणूस तयार होतो. स्वतःचंच उदाहरण असलं की पुरावा तपासायची तसदी कोण घेतो.

आणि नेमका हा सिद्धांत वापरायची सोय मला मल्होत्रा मॅडमनी करून दिली. मल्होत्रा मॅडम एका कंपनीत माणसं नेमायच्या खात्याच्या प्रमुख. अकराव्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. त्यांनी वॉर्डन निवडायला एक फॉर्म बनवला होता आणि त्यात एक रकाना होता: ‘संकटातील कणखरपणा, दहापैकी गुण’. हे गुण द्यायचे गजभियेंनी. माझी तर छातीच फुगली. कारखान्यात मला आग विझवायला द्यायचे, गुण द्यायला कुणी दिलं नव्हतं.

मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचो. “बचपन में कोई तकलीफ देखी है?” बस्स. आणि मग एकेक उत्तरं. गुरुग्रामच्याच एका उंच सोसायटीत वाढलेला मुलगा बराच आठवून म्हणाला, “अंकल, हमारे यहाँ पानी बहुत खारा था. दो बार आरओ बदलना पड़ा.” दुसरा म्हणाला, त्याला मोठ्या बहिणीची सायकल चालवावी लागली, तीही गुलाबी. मी दोघांना तीन-तीन गुण दिले. गुलाबी सायकलवाल्याला साडेतीन द्यायचा विचार होता, पण रकान्यात अर्धा गुण बसत नव्हता.

पुढं पुढं पोरांना कळलं की म्हाताऱ्याला हालअपेष्टा लागतात. मग काय विचारता. ज्याला त्याला लहानपणी रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करावा लागलेला. एकाच आठवड्यात मला चार दिवे भेटले. चौथ्याला मी विचारलं, “कुठल्या रस्त्यावरचा?” तर तो पोरगा एका मोठ्या मॉलसमोरचा रस्ता सांगायला लागला.

अशात रेणुका राठोड समोर आली. पंचविशीची, किडकिडीत, केस घट्ट बांधलेले. कंपनीत नवी होती आणि अजून कायम झालेली नव्हती. राठोड म्हटल्यावर मी धरून चाललो की राजस्थानची असेल, म्हणून हिंदीतच विचारलं. ती म्हणाली, “नहीं सर, कोई तकलीफ नहीं. सब ठीक था.”

मी चार गुण दिले. मनात म्हटलं, लाडात वाढलेली दिसतेय. वॉर्डन म्हणून तरी घेतलं, कारण त्या मजल्यावर दुसरं कुणी केशरी जाकीट घालायला तयार नव्हतं. त्या रंगात फोटो चांगले येत नाहीत, असं सगळ्यांचं म्हणणं.

तिचं पहिलं ड्रिल मे महिन्यात झालं. दिल्लीकडचा मे ज्यानं पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. लोक उतरले, उन्हात उभे राहिले. रेणुकाच्या यादीत तिच्यासकट एक्केचाळीस नावं. ती ओळीनं प्रत्येकासमोरून जात होती आणि तिचे ओठ सारखे हलत होते. मी लांबून बघितलं आणि ओळखलं: पोरगी घाबरली, देवाचं नाव घेतेय. यादी संपली, सगळे हजर. मी भोंगा तोंडाला लावला, तेवढ्यात ती म्हणाली, “सर, एक आदमी कम है.”

“यादी पूर्ण आहे ना?” आमचं बोलणं हिंदीतच चाललं होतं, इथं मराठीत लिहितो.

“यादीतले सगळे आहेत. पण सकाळी कॉफीचं मशीन दुरुस्त करायला एक माणूस आला होता. तो यादीत नाही.”

सगळे उन्हात तळतायत, कपाळावरून घाम निथळतोय, आणि ही बाई त्या कॉफीवाल्याला शोधतेय. पंधरा मिनिटं गेली. शेवटी कळलं की तो कॉफीवाला केव्हाच काम आटपून घरी गेला होता. मल्होत्रा मॅडमचा चेहरा लालबुंद झालेला. मी तिथंच, उभ्या उभ्या, फॉर्मवर शेरा लिहिला: ‘विनाकारण घबराट पसरवते. प्रसंगी ओठ थरथरतात. वॉर्डन म्हणून अयोग्य.’ खाली झोकात सही केली. माझी सही फार देखणी आहे.

त्यानंतर ही गोष्ट मी विसरूनही गेलो.

ऑक्टोबर लागला. दिवाळीच्या आधी एक ड्रिल असतं, ते दुपारी चारला ठरलं होतं. तसा ईमेल सगळ्यांना गेला होता. खरं तर ड्रिलची वेळ आधी सांगायची नसते. पण न सांगता घेतलं तर लोक तक्रार करतात की आमचं काम अडलं, आणि सांगून घेतलं तर अर्धे लोक त्या दिवशी घरूनच काम करतात. मी सांगायचा सोपा मार्ग धरला होता. त्याची फळं पुढं येतीलच.

मी तीनलाच पोचलो आणि तिवारी गार्डच्या वहीत सही केली. तेवढ्यात मल्होत्रा मॅडमचा फोन आला. “गजभिये जी, वो रेणुका वाला मामला है. उसका कन्फर्मेशन अगले शुक्रवार को तय होना है. आपका रिमार्क है ना, उसी के आधार पर ना कर रहे हैं. बस एक साइन चाहिए. ड्रिल से पहले ऊपर आ जाइए.”

म्हणजे माझ्या दोन ओळींच्या शेऱ्यावर त्या पोरीची नोकरी जाणार होती. खरं सांगतो, सही टाळावीशी वाटली. पण मी मनाची समजूत घातली की आपण खोटं तर लिहिलेलं नाही. ओठ थरथरतच होते.

आता अकरावा मजला आणि माझे गुडघे. सुनंदा दोन वर्षं डॉक्टरला दाखवा म्हणतेय आणि मी दोन वर्षं तेल लावतोय. लॉबीत जळका वास येत होता. तिथला कॅफे रोज कुणाचा ना कुणाचा टोस्ट जाळतो, त्यामुळं मी नाकाला दाद दिली नाही. जन्मभर धुरावर पोट भरलेल्या माणसाला धूर ओळखू आला नाही, हे लिहिताना हात जड होतोय. ड्रिल अजून सुरू झालेलं नाही म्हणजे नियम लागू नाही, असं म्हणून मी एका हातात भोंगा, दुसऱ्या हातात पिशवी घेऊन लिफ्टमध्ये शिरलो.

सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये दिवे गेले, लिफ्ट थांबली आणि इमारतीचा अलार्म वाजायला लागला.

काय झालं होतं ते नंतर कळलं. तळघरातल्या विजेच्या खोलीत वायरी जळाल्या होत्या. वीज गेल्यावर लिफ्टला जवळच्या मजल्यावर आणून सोडणारी एक बॅटरी असते. ती चालू असल्याची तपासणी तीन महिन्यांपूर्वी झालेली होती, कागदावर सही होती. सही फार देखणी होती.

मी लिफ्टमधलं आणीबाणीचं बटण दाबलं. ते खाली गार्डच्या टेबलावर वाजतं. पण अलार्म वाजला की आधी स्वतः बाहेर पडायचं, टेबलाला चिकटून बसायचं नाही, असं मीच तिवारीला घोकून घोकून शिकवलं होतं. तिवारी आज्ञाधारक माणूस. मोबाईलला रेंज नव्हती. मी ओरडलो, पण बाहेर अलार्म कोकलत होता. आणि मग दाराच्या फटीतून धूर आत यायला लागला. पातळच, पण धूर.

आता इथं सिद्धांताप्रमाणं मी कणखर व्हायला हवं होतं. विहीर आठवून, एका चड्डीवर काढलेली दोन वर्षं आठवून, ताठ उभं राहायला हवं होतं. मी मटकन खाली बसलो. धूर वर जातो म्हणून खाली बसायचं असतं, हे खरं, पण मी काही त्यासाठी बसलो नव्हतो, पायच राहिले नव्हते. मी घाबरलो होतो. सुनंदा पिशवीत पाण्याची बाटली घालते आणि मी रोज तिच्याशी ओझ्यावरून वाद घालतो, त्या बाटलीतलं पाणी रुमालावर ओतून मी तोंडावर धरला आणि आईची आठवण काढली. साठी उलटलेल्या माणसानं.

मग भोंग्याची आठवण झाली. पण अंधारात चाचपडताना बोलायच्या बटणाऐवजी रेकॉर्ड केलेली सूचना वाजवायचं बटण दाबलं गेलं आणि ते अडकूनच बसलं. त्या बंद खोक्यात माझाच खणखणीत आवाज सुरू झाला: “कृपया लिफ्ट का प्रयोग न करें. सीढ़ियों से उतरें. कृपया लिफ्ट का प्रयोग न करें.” बंद करायचा प्रयत्न केला, होईना. शेवटी त्याला मांडीवर घेऊन बसून राहिलो.

खाली काय चाललं होतं ते मला तिवारीनं, मल्होत्रा मॅडमनी आणि पिझ्झा मागवणाऱ्या त्या पोरानं (तोही याच इमारतीतला) तीन तऱ्हांनी सांगितलं. तिघांचं जुळतं तेवढंच लिहितो.

लोक उतरले, पण हसत-खिदळत. सगळ्यांना वाटलं की हेच ते चारचं ड्रिल, अंकलनी जरा लवकर उरकलं. कुणाच्या हातात कॉफी, कुणी फोटो काढतंय. तळघराच्या तोंडातून धूर दिसला तेव्हा एक जण म्हणाला, “इस बार अंकल ने इफेक्ट अच्छा दिया है.” तिवारीनं बिचाऱ्यानं अग्निशमन दलाला फोन केला, तेव्हा कुठं आवाज जरा खाली आले. सगळ्या मजल्यांच्या याद्या पूर्ण झाल्या. मल्होत्रा मॅडम म्हणाल्या, “चलो, सब सेफ.”

रेणुका म्हणाली, “मॅम, एक आदमी कम है.”

लोकांनी अक्षरशः कपाळाला हात लावला. कुणीतरी म्हणालं, “फिर कॉफीवाला?”

“गजभिये सर कुठे आहेत?”

“अरे, ते ड्रिल घेतायत. इथंच कुठं घड्याळ लावून उभे असतील.”

“ते इथं असते तर एव्हाना ओरडले असते,” रेणुका म्हणाली. तिनं तिवारीची वही उघडली. आत येताना माझी सही होती, बाहेर जातानाची नव्हती. तोवर अग्निशमन दलाची गाडी आली. रेणुका सरळ दलाच्या माणसांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. “एक माणूस आत आहे. लिफ्टमध्ये बघा.”

मल्होत्रा मॅडम म्हणाल्या, “गजभिये जी और लिफ्ट? इम्पॉसिबल.”

“त्यांचे गुडघे दुखतात, मॅम. मे महिन्यात आवारातल्या चार पायऱ्याही कठडा धरून उतरत होते. अकराव्या मजल्यावर बोलावलं असेल तर ते लिफ्टनंच गेले असणार.”

तिचे ओठ थरथरत होते, हे तिघांनीही सांगितलं. पण ती वाटेतून हलेना.

दलाची माणसं जिन्यानं चढत गेली. सहाव्या मजल्यावर त्यांना भिंतीच्या आतून आवाज ऐकू आला: “कृपया लिफ्ट का प्रयोग न करें.” त्यांच्यातला एक जण मला नंतर म्हणाला की बाबूजी, दार उघडायला चार मिनिटं लागली, त्यातलं एक मिनिट आमचं हसण्यात गेलं. दार उघडलं तेव्हाही भोंगा चालूच होता. मला हाताला धरून बाहेर काढलं, तर तो त्यांनाही सांगत राहिला की जिन्यानं उतरा. उतरलो, जिन्यानंच.

खाली टाळ्या वाजल्या. मी खोकत होतो, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, सगळंच काही धुरानं आलेलं नव्हतं. रेणुका माझ्यासमोर आली, माझ्या दंडाला हात लावला, यादीच्या खाली पेनानं एक ओळ लिहिली आणि पुटपुटली, “बेचाळीस.”

मी विचारलं, “तू मराठी?”

“हो सर. किनवटकडची. तुम्ही?”

“भंडारा.”

“मग इतके दिवस हिंदीत का ओरडत होता?”

रविवारी सुनंदानं तिला गाझियाबादला जेवायला बोलावलं. गोळाभात आणि कढी केली होती. सुनंदाचं एक आहे, तिला गुण द्यायचा रकाना लागत नाही, ती ताट वाढते आणि माणूस आपोआप बोलायला लागतो. मी मधेच विचारलं, “अगं, तू मोजताना पुटपुटतेस काय? मला वाटलं स्तोत्र म्हणतेस.”

“आकडेच म्हणते सर. मराठीत. हिंदीत माझे एकोणचाळीस-एकोणपन्नास चुकतात.”

मग तिनं सांगितलं. ती आश्रमशाळेत वाढली. आई नव्हती, वडील ऊसतोडीला. नऊ वर्षांची असताना ती मुलींची मॉनिटर होती. रोज संध्याकाळी मुली मोजून बाईंना आकडा सांगायचा, हे तिचं काम. एकदा शाळेची सहल ट्रकमधून एका धरणावर गेली. परत निघताना तिनं मुली मोजल्या, सगळ्या चढल्या, तिनं ‘पूर्ण’ म्हणून आरोळी दिली. तेवढ्यात एका लहान मुलीची चप्पल खाली राहिली म्हणून रेणुका ती आणायला धावली, आणि ट्रक निघून गेला.

“मग त्यांना मोजताना कळलं असेल ना?” सुनंदा म्हणाली.

“संध्याकाळी मोजलंच नाही कुणी. मोजायचं काम माझं होतं, आणि मी तर धरणावर होते.”

सुनंदाचा डाव कढीत तसाच राहिला.

“दुसऱ्या दिवशी सकाळी सर मोटारसायकलवर आले. आधी मलाच रागावले, कुठं गेली होतीस म्हणून. पण तोवर धरणावरच्या चौकीदाराच्या बायकोनं ठेवून घेतलं होतं. भाकरी दिली, जवळ निजवलं. हाल असे काही झाले नाहीत, सर. भाकरी मिळाली होती.”

ही पोरगी मला हिंदीत म्हणाली होती, ‘सब ठीक था.’ आणि मी चार गुण दिले होते.

“परत आल्यावर आम्ही मुलींनीच नियम केला,” ती म्हणाली. “मोजणारीनं शेवटी स्वतःला मोजायचं. मोठ्यानं. ‘एकसष्ट, आणि मी.’ तसं म्हटल्याशिवाय दारच लावायचं नाही.”

“म्हणून तू अशी घट्ट झालीस,” मी म्हणालो. सिद्धांत अजून पुरता मेलेला नव्हता.

ती हसली. “घट्ट कुठं, सर? अलार्म वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. वाटतं, ट्रक निघाला. म्हणून मोजते. मोजून झालं की पोट शांत होतं. भीती जात नाही, फक्त तिला काहीतरी काम द्यावं लागतं.”

मला माझी विहीर आठवली. मी जन्मभर सांगत आलो की त्या विहिरीनं मला कणखर केलं. खरं म्हणजे त्या विहिरीवर मी रोज रडायचो आणि वाटेत डोळे पुसून घरी यायचो. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि ज्यांनी आपलं रडणं असंच गिळलं असेल, अशा किती जणांच्या कागदावर मी लाडावलेले म्हणून शेरे मारले असतील, याचा हिशेब मला लागेना. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

खरं तर त्या दिवशी लिफ्टमध्ये बसून मी बाटलीच्या पाण्यानं रुमाल भिजवला, तो काही विहिरीमुळं नव्हे. रोज तीच तीच ड्रिल घेऊन हाताला सवय झाली होती, आणि पिशवीत बाटली सुनंदानं घातली होती.

सोमवारी मी मल्होत्रा मॅडमकडं गेलो. अकरा मजले, जिन्यानं. वर पोचल्यावर बोलायला दम उरला नव्हता म्हणून कागदावर लिहून दाखवलं: ‘शेरा परत घ्यायचा आहे.’ त्या म्हणाल्या की सिस्टिममध्ये शेरा घालायची सोय आहे, काढायची नाही.

“मग अजून एक घालतो,” मी म्हणालो. आणि पहिल्याच्या खाली लिहिलं: ‘वरील शेरा लिहिणाऱ्यास माणसांची पारख नाही. पुरावा: सदर इसम सहाव्या मजल्याजवळ लिफ्टमध्ये सापडला. श्रीमती राठोड यांनी त्यास मोजले.’ कणखरपणाच्या रकान्यावर आडवी रेघ मारली. आणि जाता जाता लिफ्टच्या बॅटरीवर सही करताना मी ती तपासलेली नव्हती, हेही लेखी देऊन टाकलं. त्याबद्दल माझं त्या इमारतीतलं काम तीन महिने बंद होतं, आणि ते योग्यच होतं.

शुक्रवारी रेणुका कायम झाली. पण मल्होत्रा मॅडम एवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. त्यांना आता रेणुकाचं भाषण ठेवायचं होतं, ‘हालांतून घडलेली लीडर’ असं काहीतरी. त्यानंतर सगळ्यांसाठी शिबिर, ज्यात एसी बंद ठेवून पोरांकडून जिन्यानं बादल्या वाहून घ्यायच्या, म्हणजे तीही कणखर होतील. रेणुकानं नम्रपणे विचारलं, “मॅम, मग सगळ्यांना धरणावर सोडून यायचं का? आणि चौकीदाराची बायको कुठून आणणार?” शिबिर रद्द झालं.

तीन महिन्यांनी मला परत बोलावलं. या वेळी ड्रिलची वेळ कुणालाच सांगितली नव्हती. गुडघ्यांना पट्टे बांधून, डॉक्टरला दाखवून आलो होतो. जानेवारीतलं कोवळं ऊन होतं. लोक उतरले, कुरकुरत, कॉफी न घेता. रेणुका यादी घेऊन ओळीनं निघाली. आता तिचे ओठ हलताना दिसले तरी कळत होतं काय चाललंय ते. बाकीच्या मजल्यांचे वॉर्डनही तसंच मोजायला शिकले होते. सातव्या मजल्यावरचा सरदारजी मोठ्यानं ओरडला, “छत्तीस, आणि मी.” तेवढे दोन शब्द त्याला मराठीत येतात.

रेणुकानं शेवटच्या माणसाला हात लावला. “चाळीस, आणि मी.” आणि पेन तसंच उघडं धरून ती माझ्याकडं बघत उभी राहिली.

मी घड्याळ बंद करून वेळ सांगायला भोंगा उचलला. ती मान हलवून नाही म्हणाली आणि बघतच राहिली. सगळे थांबलेले. पिझ्झा मागवणारा तो पोरगा मागून म्हणाला, “अंकल, बोल दो यार, ऊपर मीटिंग है.”

उभी हयात मी हजारो माणसं मोजली. कारखान्यात, गोदामांत, या काचेच्या इमारतींत. त्या सगळ्या याद्यांमध्ये माझं नाव कुठंच नव्हतं, आणि मला ते कधी खटकलंही नव्हतं. मी भोंगा खाली ठेवला.

“आणि मी,” मी म्हणालो.

रेणुकानं यादीत खूण केली आणि पेनाला टोपण लावलं.